बूस्टर म्हणजे पहिली लस वाया गेली, असं नाही

"पहिली सुई लागली नाही म्हणून पुन्हा टोचायलेत." दीड वर्षाच्या बूस्टरला बीड-परभणीकडं अंगणवाडीच्या दारात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे साफ चूक आहे.

मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूवरची कॉन्जुगेट लस (जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडून केलेली) बघा. (सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही, हजला जाणाऱ्यांना मात्र घ्यावीच लागते.) पहिल्या डोसनं रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी प्रथिनं तयार होतात, आणि जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशीही. पुढं प्रतिपिंडं घटतात, लहानग्यांत तर लवकरच. स्मृतिपेशी उरतात, पण त्यांना कामाला लागायला काही दिवस जातात आणि हा जंतू एकदा उसळला की काही तासांत लेकरू दगावू शकतं. म्हणून प्रतिपिंडं रक्तात आधीच हवीत. बूस्टरनंतर ती झपाट्यानं, सहसा पहिल्यापेक्षा जास्त वाढतात, ते पहिली सुई लागली होती म्हणूनच.