छातीत साठलेलं दूध नासत नाही

गेल्या आठवड्यात ठाणे-वाशी लोकलच्या महिला डब्यात एक बाई शेजारच्या मुलीला सांगत होत्या, "दिवसभर साठलेलं दूध संध्याकाळी पाजू नकोस गं, बाळाला बाधतं. आधी पिळून टाकून दे." बाळंतपणाच्या रजेनंतर नुकतीच कामावर रुजू झालेली ती मुलगी मान डोलवत ऐरोलीला उतरली. तिला गाठता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाहेर ठेवलेलं दूध नासतं, कारण त्यात जिवाणू वाढतात. स्तनातलं दूध जिवंत ऊतींमध्ये असतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं त्यातच असतात. आठ-दहा तासांनीही ते बाळासाठी चांगलंच असतं. साठल्याचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी होतो.

दूध तयार होतं द्राक्षांच्या घडासारख्या सूक्ष्म कूपिकांमध्ये. ते बनवायला लावतं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन). पण बनलेलं दूध आपोआप बाहेर येत नाही. प्रत्येक कूपिकेभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक रक्तातून तिथे पोचलं की जाळी आवळते आणि दूध नलिकांत उतरतं. हाच पान्हा! ऑक्सिटोसिन म्हणजे अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा रेणू. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तो १९५३ साली प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्सिटोसिन स्रवायला बाळ जवळ असावंच लागतं असं नाही. त्याचं रडणं ऐकून, नुसती आठवण येऊनही पान्हा फुटतो. ताण, वेदना, संकोच यांनी तो अडतो. 'दृष्ट लागून दूध आटलं' म्हणतात तेव्हा पुष्कळदा दूध आत असतंच, पान्हा अडलेला असतो. मीठमोहऱ्या ओवाळण्यापेक्षा त्या आईला कडी लावता येईल अशी खोली आणि वीस मिनिटं द्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कूपिका भरलेली राहिली की तिथल्या पेशी दूध बनवणं मंद करतात. हे नियंत्रण त्या-त्या स्तनापुरतं असतं. शेळीच्या कासेची एकच बाजू जास्त वेळा पिळली, तर त्याच बाजूचं दूध वाढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. दोन्ही बाजूंना रक्त तेच, संप्रेरकंही तीच! म्हणजे हिशेब रिकामं होण्यावर चालतो. ऑफिसात दिवसभर दूध काढलंच नाही, तर शरीर समजतं की मागणी घटली.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर बाळ साडेचार महिन्यांचं नाही होत तोच आई परत लोकलमध्ये. निव्वळ आईचं दूध मात्र सहा महिने द्यायचं असतं. म्हणून कामावर दर तीनएक तासांनी दूध काढावं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. ठाण्यातल्या मे महिन्यात २५ अंश कुठले? काढल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावं आणि घरी नेताना बर्फाच्या पिशवीतून न्यावं.