तळणीच्या उरलेल्या तेलातून घरी ‘फुकट डिझेल’ मिळते का?

‘घरी बायोडिझेलचे यंत्र बसवा, कढईत उरलेल्या तेलावर गाडी फुकट चालवा’ असा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्यातले रसायनशास्त्र खरे आहे: तेलावर मिथेनॉल या अल्कोहोलची प्रक्रिया केली की बायोडिझेल, म्हणजे डिझेलसारखे इंधन, आणि ग्लिसरीन तयार होते. म्हणूनच तो मजकूर पटतो. चूक आहे ती ‘फुकट’ या शब्दात.

100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश लागतो, आणि हे विकतच घ्यावे लागते. शिवाय ग्लिसरीन वेगळे काढून इंधन धुवावे व वाळवावे लागते.

आता आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडा. तळणानंतर महिन्याला अर्धा लिटर तेल उरले, तर वर्षाचे जेमतेम 6 लिटर होते. समजा, यंत्र 60,000 रुपयांचे आहे आणि लिटरमागे 50 रुपये वाचतात. तर ती रक्कम वसूल व्हायला 1,200 लिटर, म्हणजे 200 वर्षे लागतील. वडापावच्या गाडीवरून तेल आणावे म्हटले, तर तेही बहुधा विकतच मिळते.

तेलात पाणी असेल तर बायोडिझेलऐवजी साबण होऊ लागतो. चमचाभर तेल पळीत तापवून पाहा. तडतडले तर पाणी आहे.

मला खर्चाहून अधिक काळजी मिथेनॉलची वाटते. ते विषारी आहे, मुंबईच्या हवेत नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि ज्योत दिवसा जवळपास दिसतच नाही. चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या बंद गॅलरीत हे काम कृपया करू नका.