साकुराजिमाचं विवर आणि आइराची काहील

जहाज सकाळी दक्षिण जपानमधल्या कागोशिमाच्या आखातात शिरतं तेव्हा काइमोनदाके हा ९२४ मीटर उंचीचा रेखीव शंकू डावीकडे मागे पडतो आणि समोर साकुराजिमा मोठा होत जातो. माथ्यावर बहुधा करडा धूर असतो. डेकवरचे सगळे मोबाइल त्याच दिशेला वळतात. "तो बघा ज्वालामुखी!" हे खरंच आहे. पण त्या डोंगरापलीकडे, उत्तरेला, जे शांत निळं पाणी पसरलेलं दिसतं तोही ज्वालामुखीच आहे, आणि डोंगरापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याचा फोटो मात्र क्वचितच कोणी काढतं.

हा घोळ दोन शब्दांचा आहे: क्रेटर आणि कॅल्डेरा. मराठीत आपण दोन्हींना 'विवर' म्हणून मोकळे होतो. त्यात लोणार आहेच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा ज्वालामुखीच्या बेसॉल्टमध्ये आहे खरा, पण तो उल्केच्या आघाताने झाला. म्हणजे आपल्या ओळखीचं सर्वांत प्रसिद्ध 'विवर' या दोन्हींपैकी एकही नाही. सह्याद्रीचा काळा पाषाणही जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून थरांवर थर वाहत आला, त्यामुळे धूर ओकणारा शंकू आपल्या भूगोलात पाठ्यपुस्तकातल्या चित्रापुरताच राहिला. कागोशिमात एका दिवसात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून ही जागा मला मोलाची वाटते.

दोन्ही शब्द भांड्यांवरून आलेत. क्रेटर हे ग्रीकांचं द्राक्षमद्यात पाणी मिसळायचं भांडं. कॅल्डेरा म्हणजे स्पॅनिशमध्ये मोठी कढई. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती काहील ज्याने पाहिली आहे त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. फरक मात्र आकाराइतकाच घडणीतही आहे. क्रेटर हे ज्वालामुखीचं तोंड: खालून वायू, राख, दगड जोराने बाहेर पडतात आणि त्या वाटेभोवती खोलगट भाग तयार होतो. कॅल्डेरा कोसळून होतो. जमिनीखालची शिलारसाची प्रचंड कोठी एका मोठ्या उद्रेकात रिकामी होते, वरच्या छताला आधार उरत नाही आणि ते खाली बसतं. लहानपणी पावलावर ओली वाळू थापून खोपा केला आणि पाऊल जरा घाईने काढलं की छत जसं आत बसायचं, तसंच.

आता हे कागोशिमाच्या नकाशावर मांडून पाहू. सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी आखाताच्या उत्तर टोकाला महाप्रचंड उद्रेक झाला. शेकडो घन किलोमीटर माल बाहेर पडला, त्याची राख जपानभर सापडते. नंतर जमीन खचून जी काहील झाली ती अंदाजे २३ किलोमीटर लांब आणि १७ किलोमीटर रुंद आहे. हा आइरा कॅल्डेरा. त्यात समुद्र भरला आणि आखाताचा उत्तर भाग तयार झाला. साकुराजिमा या काहिलीच्या दक्षिण कडेवर सुमारे २६,००० वर्षांपूर्वी उगवला. म्हणजे १,११७ मीटर उंचीचा हा दिमाखदार डोंगर मोठ्या ज्वालामुखीच्या काठावर आलेला उंचवटा आहे. त्याला तीन मुख्य शिखरं आहेत आणि आजचा धूर येतो तो दक्षिणेकडच्या मिनामिदाके शिखराच्या विवरातून किंवा त्याच्याच पूर्व उतारावरच्या शोवा विवरातून. क्रूझ जहाजं शहराच्या दक्षिणेकडच्या मरीन पोर्टला लागतात. ते बंदर काहिलीच्या किंचित बाहेर आहे, त्यामुळे जहाजाच्या प्रवासात आपण काठापर्यंत येतो पण आत शिरत नाही.

डोंगर आणि काहील यांचं नातं कळलं ते १९१४ मुळे. त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला साकुराजिमावर भूकंपाचे धक्के वाढले. गावकऱ्यांनी वेधशाळेकडे विचारणा केली, तेव्हा साकुराजिमाचा उद्रेक होणार नाही असं उत्तर मिळालं. बरेच लोक आपल्या जाणिवेवर विश्वास ठेवून आधीच निघून गेले होते. उत्तरावर विसंबून काही थांबले. १२ जानेवारीच्या सकाळी डोंगराच्या पश्चिम आणि पूर्व कुशी फाटल्या. इथे एक बारकावा आहे: लाव्हा माथ्यावरच्या विवरातून नाही, कुशीत नव्याने उघडलेल्या तोंडांतून वाहिला. सुमारे ३ अब्ज टन लाव्हा. पश्चिमेला किनाऱ्यापासून थोडं दूर असलेलं कारासुजिमा हे छोटं बेट त्याखाली पुरतं गाडलं गेलं. पूर्वेला ओसुमी द्वीपकल्पापासून साकुराजिमाला वेगळं ठेवणारी सुमारे ४०० मीटर रुंदीची सामुद्रधुनी भरून गेली. नावात 'जिमा' म्हणजे बेट असूनही तेव्हापासून साकुराजिमा बेट नाही. त्याच संध्याकाळी मोठा भूकंपही झाला. उद्रेक आणि भूकंप मिळून ५८ माणसं गेली. दहा वर्षांनी गावाने दगडी स्मारक उभारलं आणि त्यावर कोरलं की रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबू नये, बदल जाणवताच निघायची तयारी ठेवावी. हिगाशी-साकुराजिमाच्या शाळेच्या आवारात तो दगड आजही उभा आहे. मला कागोशिमातल्या सगळ्या स्मारकांत तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उद्रेकानंतर जमिनीची पुन्हा मोजणी झाली. आखाताच्या उत्तर भागाभोवतीचा किनारा खचला होता आणि खचण्याचा मध्य साकुराजिमाच्या खाली नव्हता, उत्तरेकडच्या पाण्याखाली होता. भूभौतिकशास्त्रज्ञ कियोओ मोगी यांनी १९५८ साली याच मोजणीवरून गणित मांडलं: शिलारसाची मुख्य कोठी काहिलीच्या खाली, सुमारे १० किलोमीटर खोल आहे. ज्वालामुखी फुगतो-बसतो ते मोजायचं त्यांचं सूत्र आज जगभर 'मोगी मॉडेल' म्हणून शिकवलं जातं. थोडक्यात, धुराडं साकुराजिमावर आहे आणि चूल आखाताच्या पाण्याखाली. १९१४ ला खचलेली जमीन पुढच्या दशकांत पुन्हा वर येत राहिली आहे, कारण कोठी पुन्हा भरते आहे.

मग बंदरावर मिळणाऱ्या सात-आठ तासांत काय पाहावं? गंमत अशी की सरळ नजरेला दोन्ही पूर्ण दिसत नाहीत. विवराच्या दोन किलोमीटरच्या आत जायला बंदी आहे, आणि काहील इतकी मोठी की तिच्या काठावर उभं राहूनही ती भांड्यासारखी भासत नाही.

विवराच्या बाजूसाठी फेरी पकडायची. शहरातून साकुराजिमाला पंधरा मिनिटं लागतात. तिथून बसने ३७३ मीटरवरच्या युनोहिराला गेलं की माथा अगदी अंगावर येतो. लोकांना जाता येईल अशी डोंगरावरची ही सर्वांत उंच जागा. वेळ कमी असेल तर फेरीच्या धक्क्याजवळच १९१४ च्या लाव्हावरून जाणारी पायवाट आहे आणि शेजारी १०० मीटर लांबीचं गरम पाण्याचं कुंड, त्यात पाय सोडून बसता येतं. पूर्वेकडच्या कुरोकामी गावातला राखेत गाडलेला तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान, दूर पडतो. तीन मीटर उंचीच्या त्या कमानीचा आता वरचा जेमतेम मीटरभर भाग दिसतो. राखेचं म्हणाल तर वारा कुठला आहे ते आधी पाहावं. तिथल्या हवामानाच्या बातम्यांत साकुराजिमावरच्या वाऱ्याची दिशा रोज सांगतात, आणि अंगणातली राख भरून ठेवायला महापालिका पिवळ्या पिशव्या देते. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावलेला बरा.

काहिलीसाठी मात्र उत्तरेला जायला हवं. आधी शिरोयामा ही १०७ मीटरची टेकडी. १८७७ साली सामुराईंच्या बंडाचे नेते साइगो ताकामोरी यांचा शेवट इथेच झाला, आणि बहुतेक टूरमध्ये तेवढंच सांगतात. पण टेकडी कशाची आहे ते पाहा: 'शिरासू' नावाची फिकट, भुसभुशीत ज्वालामुखी माती. ही त्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात वेगाने वाहून आलेली राख आणि पमिस हा हलका, सच्छिद्र दगड. म्हणजे मोठ्या ज्वालामुखीच्या मालावर उभं राहून आपण छोट्याला पाहत असतो. शिरासूत पाणी ठरत नाही, म्हणून इथे भातापेक्षा रताळी रुजली, आणि रताळ्यांपासून इथलं शोचू हे मद्य. पाऊस फार झाला की हीच माती कड्यांवरून सुटते.

त्यापुढे सेंगान-एन. इथे राज्य करणाऱ्या शिमाझू घराण्याच्या मित्सुहिसा यांनी १६५८ साली वसवलेला हा बाग. शेजारच्या देखाव्याला बागेचाच भाग मानायची जपानी रीत इथे इतकी मोठी आहे की साकुराजिमा ही बागेतली टेकडी आणि आखात हे बागेतलं तळं. बागेमागे जो उभा कडा आहे ती काहिलीची भिंत. तिथून किनाऱ्याने उत्तरेला जाणारा रस्ता आणि रेल्वे याच भिंतीच्या पायथ्याशी चिकटून जातात. ६ ऑगस्ट १९९३ रोजी अतिवृष्टीत र्युगामिझु भागात या कड्यावरून दरडी कोसळल्या, पुढचा-मागचा रस्ता तुटला आणि गाड्या-मोटारींतले सुमारे अडीच हजार लोक अडकले. त्यांना समुद्रामार्गे बोटींनी सोडवावं लागलं. मार्च २०२५ मध्ये सेंगानएन नावाचं रेल्वे स्टेशन सुरू झाल्यापासून इथे पोचणं सोपं झालंय.

एकच निवडायचं झालं तर? बहुतेक जण फेरी निवडतील आणि ते चूक नाही. लाव्हावर चालण्याचा अनुभव वेगळाच. मी मात्र सेंगान-एन आधी करा म्हणेन. काहिलीची भिंत पाहून मग फेरीत बसलं की ती पंधरा मिनिटं नुसतं पाणी ओलांडणं उरत नाही.

बागेतून डोंगराच्या डावीकडे नजर टाकली की पाणी सपाट, निवांत दिसतं. त्या बाजूला वाकामिको नावाची काहिलीतलीच आणखी खोल जागा आहे. तिथे सुमारे २०० मीटर खोल तळातून वायू निघतो आणि बुडबुडे थेट पृष्ठभागापर्यंत येतात. स्थानिक लोक त्यांना 'तागिरी' म्हणतात. जपानीत 'तागिरु' म्हणजे खळखळून उकळणं.