एकाच वेळी तळ्यात आणि मळ्यात

2 एप्रिल 2022, न्यू ऑर्लिन्स. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना आणि ड्यूक समोरासमोर. दोन विद्यापीठांच्या आवारांत जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचं अंतर आणि शंभर वर्षांचं वैर, तरी राष्ट्रीय स्पर्धेत दोघं पहिल्यांदाच भिडत होते. शेवटची साधारण 25 सेकंद उरली असताना नॉर्थ कॅरोलायनाच्या केलेब लव्हनं, समोर सात फुटी मार्क विल्यम्स हात उंचावून धावून येत असताना, तीन गुणांचा फटका बसवला. सामना 81-77 असा जिंकला, त्यात लव्हचे 28 गुण. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांच्या कारकिर्दीतला तो शेवटचा सामना ठरला. नॉर्थ कॅरोलायनाच्या चाहत्यासाठी यापेक्षा गोड काही असूच शकत नाही.

दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला 15 गुणांची आघाडी होती. ती गेली आणि सामना 69-72 असा हातातून निसटला. लव्हनं 24 फटके मारले, बसले 5. पुढच्या हंगामाआधीच्या क्रमवारीत संघ पहिला होता, पण राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागाही मिळाली नाही. त्या हंगामात लव्हचे तीन गुणांचे फटके 30 टक्क्यांच्याही आत बसले. मार्च 2023 मध्ये त्यानं विद्यापीठ सोडलं. आधी मिशिगनला जायचं ठरवलं, तिथलं प्रवेशाचं जमलं नाही, मग ॲरिझोना गाठलं, आणि पुढच्याच हंगामात तो पॅक-12 गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावातल्या, चॅपल हिलच्या चाहत्याला विचारा, लव्हबद्दल काय वाटतं? उत्तर बहुतेक वेळा एकच: ‘काय सांगू, संमिश्र भावना आहेत.’ या उत्तराचा अर्थ आपण हमखास चुकीचा लावतो. आपल्याला वाटतं, माणूस मधे कुठेतरी आहे, थोडं आवडतं, थोडं नावडतं, एकूण फारसं काही नाही. गरम आणि गार पाणी एकत्र केलं की कोमट होतं, तसं काहीतरी. पण भावनांचं कोमट पाणी होत नाही. गरम गरमच राहतं, गार गारच राहतं आणि दोन्हींत एकदम हात घातल्यासारखं होतं. तळ्यात-मळ्यात खेळताना एका वेळी एकाच बाजूला उडी मारता येते. मन मात्र दोन्हीकडे एकदम उभं राहू शकतं.

हे नुसतं उपमांचं बोलणं नाही. जॉन कॅसिओपो आणि गॅरी बर्न्टसन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये मांडलं की आवड आणि नावड ही एकाच पट्टीची दोन टोकं नसून दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. बऱ्याचदा एक चढते तेव्हा दुसरी उतरते, म्हणून आपल्याला पट्टी एकच वाटते. पण दोन्ही एकदम चढू शकतात आणि दोन्ही एकदम उतरूही शकतात. 2001 मध्ये कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थ्यांना त्यांच्या भावना विचारल्या. एरवीच्या दिवसापेक्षा त्या दिवशी ‘आनंदही आहे आणि वाईटही वाटतंय’ असं सांगणारे बरेच जास्त निघाले.

मग मोजायचं कसं? या विषयातला सगळ्यात देखणा भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

एका ओळीची नेहमीची पट्टी घेतली, उणे तीन ते अधिक तीन, तर संमिश्र भावनेचा चाहता शून्यावर खूण करतो. ज्याला बास्केटबॉलशी काही देणंघेणं नाही, तोही शून्यावरच खूण करतो. एक तळमळतोय, दुसरा जांभई देतोय, आणि कागदावर दोघं सारखे. म्हणून प्रश्न फोडून विचारतात. पहिला: ‘या खेळाडूच्या फक्त चांगल्या गोष्टी आठवा, वाईट पूर्ण बाजूला ठेवा. त्या किती चांगल्या?’ 1 म्हणजे अजिबात नाही, 4 म्हणजे अतिशय. दुसरा: ‘आता फक्त वाईट गोष्टी आठवा, चांगल्या बाजूला ठेवा. त्या किती वाईट?’ पुन्हा 1 ते 4. ‘बाजूला ठेवा’ हे शब्द गाळले की सगळं बिघडतं. माणूस मनातल्या मनात वजाबाकी करून उरलेलाच आकडा सांगतो आणि दोन पट्ट्यांची परत एक होते.

मिळालेल्या दोन आकड्यांवर 1995 मध्ये थॉम्पसन, झॅना आणि ग्रिफिन यांनी वापरलेलं सूत्र लावायचं: दोन्हींची सरासरी काढा, तिच्यातून दोन्हींमधला फरक वजा करा. सरासरी सांगते भावना किती तीव्र आहेत, फरक सांगतो त्या किती असमान आहेत. भावना तीव्र आणि तुल्यबळ असल्या की द्विधा, म्हणजे भावनांची संमिश्रता, सर्वांत जास्त.

आवड 4, नाराजी 4: सरासरी 4, फरक 0, उत्तर 4. हा तळमळणारा.

आवड 1, नाराजी 1: उत्तर 1. हा जांभई देणारा. दोघांमधला फरक आता कागदावर दिसला.

आवड 4, नाराजी 1: अडीच वजा तीन, म्हणजे उणे अर्धा. हा निखळ भक्त.

यातली खरी गंमत पुढच्या जोडीत आहे. आवड 4 आणि नाराजी 2 असेल तर उत्तर 1. नाराजी तेवढीच ठेवून आवड 3 वर आणा: अडीच वजा एक, म्हणजे दीड. तक्रार तसूभरही वाढली नाही तरी द्विधा वाढली, कारण तक्रारीला दाबून ठेवणारं प्रेम कमी झालं. कॅप्लान यांच्या 1972 च्या जुन्या सूत्रात फक्त लहान आकड्याची दुप्पट येत असे, त्याला हा बदल दिसायचाच नाही.

सूत्रात एक खोट आहे, तीही सांगायला हवी. 1 आणि 1 चं उत्तर 1 येतं, 4 आणि 2 चंही 1च. जांभई देणारा आणि मनात थोडी अढी असलेला भक्त पुन्हा एका रांगेत. म्हणून नुसतं उत्तर कधी छापू नये, शेजारी मूळ दोन आकडे हवेतच.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. सूत्रातून आलेली द्विधा आणि माणसाला प्रत्यक्ष जाणवणारी ओढाताण यांचा मेळ बसतो, पण पुरता बसत नाही. 2002 मध्ये न्यूबी-क्लार्क, मॅक्ग्रेगर आणि झॅना यांनी उत्तर द्यायला लागणारा वेळ मोजला. आवडीचं आणि नाराजीचं, दोन्ही उत्तरं झटकन आणि सारख्याच वेगानं येत असली तर ओढाताण जोरात जाणवते. एक झटकन आणि दुसरं आठवून आठवून आलं, तर आकडे तेच असूनही मन शांत असतं. थोडक्यात, दोन्ही भावना नुसत्या असून भागत नाही, त्या एका क्षणी मनाच्या दारात याव्या लागतात. लव्ह ॲरिझोनात होता तेव्हा चाहता आठवडाभर मजेत असे. मग टीव्हीवर तोच चेहरा, तीच फटका मारण्याची लकब, आणि अंगावर आकाशी निळ्याऐवजी ॲरिझोनाचा गडद निळा-लाल गणवेश. चेहरा एक आठवण ओढून आणायचा, गणवेश दुसरी. ‘मन हेलकावे खातं’ हा आपला वाक्प्रचारही अगदी शब्दशः खरा निघाला आहे: आयरिस श्नायडर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लोकांना शरीराचा तोल नोंदवणाऱ्या फळीवर उभं केलं, तेव्हा द्विधेत टाकणारा मजकूर वाचणाऱ्यांची शरीरं डावी-उजवीकडे जास्त झुलली.

असे प्रसंग आता वारंवार येतात, कारण नियम बदलले. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं. खेळाडूनं लेखी कळवलं की विद्यापीठाला त्याचं नाव कामकाजाच्या दोन दिवसांत यादीत टाकावं लागतं, मग इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. पूर्वी बदली केल्यावर बास्केटबॉलपटूला सहसा एक हंगाम बाकावर काढावा लागे. 2021 पासून पहिल्या बदलीला ही अट उरली नाही, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे घ्यायची मुभाही मिळाली. सक्तीच्या त्या वर्षात आठवण जरा निवायची. आता हंगाम संपल्यावर गेलेला नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या गणवेशात उभा असतो. लव्ह 10 नोव्हेंबर 2023 ला ॲरिझोनाकडून ड्यूकच्या मैदानावर उतरला आणि 78-73 असा जिंकला. चॅपल हिलमधल्या कितीतरी घरांत त्या रात्री दोन्ही पट्ट्या एकदम चढल्या असतील.

आपलाच माणूस जास्त का टोचतो, याचंही उत्तर आहे. बेल्जियममध्ये मार्केस, इझेर्बीट आणि लेयेन्स यांनी 1988 मध्ये दाखवलं की आपल्या गटातल्या चांगल्याला आपण परक्या चांगल्यापेक्षा डोक्यावर घेतो आणि आपल्यातल्या वाईटाला परक्या वाईटापेक्षा जास्त झोडपतो. शिवाय जे हातात होतं त्याची किंमत वेगळीच लागते. याचा गाजलेला पुरावा खुद्द ड्यूकच्या तिकिटांचा आहे. सोडतीत तिकीट मिळालेले विद्यार्थी ते विकायला सरासरी सुमारे 2,400 डॉलर मागत होते, न मिळालेले सुमारे 170 डॉलर द्यायला तयार होते. कारमन आणि एरिएली यांचा हा अभ्यास 2000 सालचा. लव्हच्या बाबतीत चॅपल हिल विकणाऱ्याच्या जागी होतं आणि ॲरिझोना घेणाऱ्याच्या.

28 मार्च 2024 ला लॉस एंजेलिसमध्ये एकाच मैदानावर, एकाच संध्याकाळी ॲरिझोना आणि नॉर्थ कॅरोलायना आपापले सामने खेळले. दोघं जिंकले असते तर दोन दिवसांनी एकमेकांशीच गाठ होती. ॲरिझोना क्लेमसनकडून 72-77 हरलं, नॉर्थ कॅरोलायना अलाबामाकडून 87-89. लव्हनं तीन गुणांचे 9 फटके मारले, बसला एकही नाही. त्याचा जुना जोडीदार आर. जे. डेव्हिस, त्याचेही 9 पैकी शून्य! असं काही घडलं की शाप, नजर, नशिबाची परतफेड यांची चर्चा सुरू होते. कृपा करून आकडेमोड करा. तीनांतला एक फटका बसवणारा खेळाडू सलग नऊ चुकवण्याची शक्यता दोन-तृतीयांशचा नववा घात, म्हणजे सुमारे 2.6 टक्के. असे दोघं ठरवलेल्या एकाच रात्री चुकवण्याची शक्यता दहा हजारांत सातच्या आसपास. डेव्हिस त्याहून बरा नेमबाज, म्हणून ती आणखी कमी. पण ही जोडी आणि ही रात्र आपण आधी निवडली नव्हती, घडल्यावर बोट ठेवलं. हंगामात हजारो सामने आणि असंख्य जोड्या असतात, त्यांत असे योग सापडणारच. शापाची गरज पडत नाही. तेच ‘डोपामिनमुळे चाहते रागावतात’ छाप बातम्यांचं. एका रसायनाचं नाव घेतल्यानं काही उलगडत नाही.

काळ या गणितात काय करतो? वॉकर, स्कोव्रॉन्स्की आणि थॉम्पसन यांनी 2003 मध्ये मांडलेला पुरावा असा की वाईट आठवणींतली धग चांगल्या आठवणींतल्या उबेपेक्षा लवकर उतरते. समजा आज आवड 4, नाराजी 4, म्हणजे द्विधा 4. काही वर्षांनी आवड 3, नाराजी 2: दीड. नाराजी 1 वर आली की आवड 3 असतानाही उत्तर शून्य. मात्र उतरते ती धग. घटना आठवणीत जशीच्या तशी असते, 24 पैकी 5 हा आकडाही, आणि विल्यम्सच्या हातांवरून गेलेला तो चेंडूही.