सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेलाच, असं नाही

“चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, की सेन्सर बदलायचा.” हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक; स्कॅनर तो वाचून दाखवतो. त्यात सेन्सरचंच नाव दिसतं, त्यामुळे हा सल्ला पटणं साहजिक आहे.

पण हा सेन्सर एक्झॉस्टमध्ये, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात, ऑक्सिजन किती उरला, एवढंच सांगतो. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे जोडावरची सीलची पट्टी, फुटलं असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि सेन्सर ‘ऑक्सिजन जास्त’ असं कळवतो. तो खरंच सांगतोय! अशा वेळी नवा सेन्सर बसवला तरी तोही तेच सांगणार, आणि हजारो रुपये जाऊन दिवा पुन्हा लागणार.

म्हणून आधी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ टक-टक आवाज येतो का ऐका. जोडावर काळी काजळी दिसली तर गळती तिथेच आहे. कोड सेन्सरला तापवणाऱ्या त्याच्या आतल्या हीटरचा असेल, म्हणजे पी०१३५ सारखा, तर फ्यूज पाहा. मग गाडी बंद आणि थंड असताना सेन्सरचा प्लग काढून हीटरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. काही ओहम (विद्युतरोध) दिसले तर हीटरची तार शाबूत आहे; सर्किट तुटलेलं दिसलं तर मात्र सेन्सर बदलायलाच हवा.

इंजिन तापल्यावर साध्या झिर्कोनिया प्रकारच्या पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज स्कॅनरवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली व्हायला हवं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागानंतरच्या) सेन्सरचं मात्र बऱ्यापैकी स्थिर असतं; ते पाहून घाबरू नका.