रस्त्यावर मगर आली म्हणून डिस्टोपिया होत नाही

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोसायटीत शिरलेल्या मगरीचा व्हिडिओ आला आणि खाली भाच्याने लिहिलं, 'मावशी, बडोदा एकदम डिस्टोपियन झालंय.' तेव्हा पाण्याचीच काळजी होती, मी काही बोलले नाही. पण आता तो शब्द जिकडेतिकडे दिसतो, धुरकट आकाश डिस्टोपियन, बंद पडलेला मॉल डिस्टोपियन, आणि मला मनापासून वाटतं की माणसाला दाबणाऱ्या व्यवस्थेसाठीचा इतका कामाचा शब्द असा वाया जाऊ नये.

पूर, रोगराई, शहर ओसाड पडणं, याला म्हणतात अपोकॅलिप्टिक, म्हणजे आपला प्रलय. प्रलयात व्यवस्था मोडते. आमच्याकडे लाईट नाही, दूध नाही, फोन लागेना, वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांना घरात घेतलं, म्हणजे नियम करणारं आणि पाळायला लावणारं कुणी उरलंच नव्हतं, जे होतं ते माणसांनी एकमेकांसाठी केलं.

डिस्टोपियात बरोबर उलटं असतं. तिथे व्यवस्था मस्त चालू असते, कचेऱ्या वेळेवर उघडतात, आणि भीती याचीच वाटते की ती माणसाला दाबण्यासाठीच बनवलीये आणि ते काम नीट करतेय. जॉर्ज ऑरवेलची 1949 ची 'नाइन्टीन एटी-फोर' घ्या, तिचा नायक रोज नोकरीला जातो आणि नोकरी काय, तर जुन्या वर्तमानपत्रातला मजकूर सरकारला हवा तसा बदलायचा! मेरी शेलीच्या 1826 च्या 'द लास्ट मॅन' मध्ये मात्र साथीने माणूसजातच संपत जाते. दोन्ही वाचून पोटात गोळा येतो म्हणून दोन्हीला एकच शब्द लावायचा, हे काही बरोबर नाही.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. ग्रीक 'डिस' आणि आपला 'दुस्' एकाच घरचे, दुष्काळ दुर्दशा यातला, आणि 'टोपोस' म्हणजे जागा. इंग्रज लेखक थॉमस मोरने 1516 मध्ये 'युटोपिया' हा शब्द केला, म्हणजे कल्पनेतली आदर्श जागा, त्याच्या उलट हा. इंग्रज विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलने 1868 मध्ये ब्रिटिश संसदेत तो वापरला तो आयर्लंडबद्दलच्या सरकारी धोरणावर बोलताना, धोरण चालवणाऱ्यांना उद्देशून. पडक्या इमारती आणि लाल आकाशाचा त्यात काही संबंध नव्हता.

आता कुणी म्हणेल, सक्ती आली की डिस्टोपिया. तसंही नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड होता. सक्ती खरीच. पण त्याच राज्यात 1910 पासून सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं राहिलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या, म्हणजे ज्या पोराला जबरदस्तीने शाळेत बसवलं तेच पोर पुढे वाचून राज्यकर्त्यालाच जाब विचारू शकणार होतं. डिस्टोपियातली सक्ती नेमकी हा रस्ता बंद करते. मला तरी सगळ्यात मोठी खूण हीच वाटते, प्रश्न विचारायला जागा आहे की नाही.

प्रलय आणि डिस्टोपिया एकत्र येतात तेही खरंय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बडोद्यातल्या एरवी गजबजलेल्या मांडवीला चिटपाखरू नव्हतं, ते दृश्य प्रलयाचं. पण समजा रोग गेल्यावरही कुणी कुठे जायचं हे कायम कुठलं तरी ॲप ठरवत राहिलं असतं आणि का म्हणून विचारायची सोय नसती, तर ते डिस्टोपियन, मग रस्त्यावर कितीही गर्दी असो आणि सेव-उसळच्या गाड्या जोरात चालू असोत.

भाच्याला हे परवा फोनवर सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे मगर चालेल? म्हटलं, अरे मगर तर नदीचीच, तिला कुठे काय नियम. पण उद्या पूर आला आणि आधी कोणत्या सोसायटीत बोट पाठवायची ते एखादा गुप्त स्कोअर ठरवायला लागला, आणि आपला स्कोअर कमी का म्हणून विचारलं की तो अजून कमी व्हायला लागला, तर त्या दिवशी ग्रुपवर बिनधास्त लिही डिस्टोपियन, मी स्वतः फॉरवर्ड करेन.