देवचाफा: छाटलेल्या फांदीने केलेला प्रवास

देवळाच्या आवारात इतका रुळलेला पांढरा चाफा मूळचा आपल्याकडचा नाही. जुन्या संस्कृत काव्यातला चंपक म्हणजे सोनचाफा. ज्याला आपण देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतो, तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिए (१६४६-१७०४) यांच्या नावावरून त्याला ‘प्लुमेरिया’ म्हणतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘प्लुमेरिया रुब्रा’ या जातीची नोंद केली. त्याआधीच १५६५ पासून स्पॅनिश गलबते मेक्सिकोतले आकापुल्को बंदर आणि फिलिपिन्स यांच्यात ये-जा करत होती. चाफा आशियात आला तो याच वाटेने, असे मानले जाते.

एवढा प्रवास त्याला झेपला, कारण त्याचे खोड मांसल असते. तोडलेली फांदी मुळांशिवाय, मातीशिवाय कित्येक आठवडे जिवंत राहते. आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात. बी रुजवले तरी रोपाची फुले मूळ झाडासारखी येतीलच असे नाही. म्हणून लागवड पिढ्यान्‌पिढ्या फांदीनेच होत आली.

पाने गळून झाड उघडे पडते, तेव्हा म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, अंगठ्याएवढी जाड, करड्या सालीची, एक ते दीड फूट लांब फांदी धारदार कात्रीने कापावी. हिरवा कोवळा शेंडा सहज सडतो. कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. फांदी सावलीत आठ ते पंधरा दिवस उभी ठेवावी. काप कोरडा, कडक झाला की दोन भाग जाड वाळू, एक भाग माती आणि एक भाग जुने शेणखत अशा मिश्रणात तीन-चार इंच खोल रोवून काठीला बांधावी, कारण हललेल्या फांदीची कोवळी मुळे तुटतात.

एकदा पाणी घालावे आणि मग हात आवरावा. बहुतेक फांद्या मरतात त्या इथेच. खोडातल्या साठ्यावर दोन पाने फुटतात, रोप लागले असे वाटते आणि रोज पाणी सुरू होते. खाली मूळ मात्र एकही नसते. मुळे धरायला दीड-दोन महिने लागतात. तोवर वरची माती पूर्ण सुकल्यावरच थोडे पाणी द्यावे. बुंधा मऊ पडून काळा दिसू लागला तर फांदी उपटून आतला गर स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापावी आणि पुन्हा सुकवून कोऱ्या वाळूत लावावी.